१९२८ सालच्या बँडच्या फिल्म: कॅमेरा हलत नाही, टाळ्या नाहीत, हे शूट कसं करायचे?

बोरिवलीलोकल (धागाकर्ता)

मंडळी, एक शंका आहे. जुनं जॅझ ऐकायचा थोडा नाद आहे मला, त्या नादात यूट्यूबवर भटकताना 'द इनजेन्यूज' नावाच्या अमेरिकन बायकांच्या बँडची १९२८ ची फिल्म सापडली, 'द बँड ब्युटिफुल' नावाची. छोटीशीच आहे, पण मी त्यात अडकलोय. सगळा बँड बायकांचा, एकसारखे ड्रेस, आधी पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजतो, मग बघता बघता बँजो घेऊन रांग उभी, मग अकॉर्डियन घेऊन रांग उभी, म्हणजे मघाशी दुसरं काहीतरी वाजवत होत्या त्याच पोरी ना या? एकेकीला किती वाद्यं येत असतील कोण जाणे.

आता शंका अशी की कॅमेरा जवळपास खिळे ठोकून बसवल्यासारखा आहे, लांबचा शॉट, मधूनच एखादा जवळचा, परत लांबचा. तरी आवाज आणि हात इतके जुळतात की आजकालच्या व्हिडिओत पण जुळत नाहीत. हे खरंच तिथल्या तिथे वाजवलंय की मागून आवाज चिकटवलाय? आणि अशा बाकीच्या फिल्म बघितल्या तर लोक शेवटी वाकून नमस्कार करतात आणि समोर सन्नाटा, एक टाळी नाही. मला तर जरा कसंतरीच झालं ते बघून. कोणासमोर वाकतायत हे?

टुरिंगटॉकीज

धागा बघून राहवलं नाही, लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही बघितलंत ते व्हायटाफोन. वॉर्नर ब्रदर्स आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक यांचा जोड-उद्योग. यात आवाज फिल्मच्या पट्टीवर नसायचाच, वेगळ्या तबकडीवर असायचा. तबकडी १६ इंची, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, आणि सुई आतून बाहेर जायची, आपल्या नेहमीच्या रेकॉर्डच्या बरोब्बर उलट. हजार फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालवलं की ११ मिनिटं पुरतं, आणि तबकडीची एक बाजूही तेवढीच पुरेल असा हिशोब बसवलेला. नंतर १९४८ साली एलपी रेकॉर्ड आली तिचा ३३ चा वेग इथलाच.

थिएटरमधला ऑपरेटर रीळ मशीनला लावायचा, त्यावर 'स्टार्ट' लिहिलेली फ्रेम बरोबर खिडकीसमोर आणायची, तबकडीवर बाणाची खूण असायची तिथे सुई ठेवायची, आणि मोटर सुरू. मशीन आणि तबकडी एकाच मोटरला जोडलेली, त्यामुळे दोघं बरोबर चालणार. चालली तर. सुईने एक खाच उडी मारली की गाणारा माणूस तोंड मिटून गातोय असं दिसायचं आणि पब्लिक खो खो हसायचं. फिल्म मधे तुटली तर नुसती कापून जोडता यायची नाही, जेवढ्या फ्रेम गेल्या तेवढ्याच काळ्या फ्रेम मधे घालायच्या, नाहीतर पुढचं सगळं गणित बोंबललं. तबकडी पण साधारण २० वेळा वाजवायची आणि फेकायची, लेबलवर चौकोन छापलेले असायचे, प्रत्येक खेळाला एक खूण. तुमच्या-आमच्या दृष्टीने ऑपरेटरच्या जिवाला घोर.

आता तुमचा मुद्दा, तिथल्या तिथे वाजवलंय का. हो, शंभर टक्के. आवाज मेणाच्या जाड तबकडीवर थेट कोरला जायचा. मेण कापून जोडता येत नाही. म्हणजे ॲक्ट सुरू झाली की शेवटपर्यंत एका दमात, आठव्या मिनिटाला ट्रम्पेटवाला चुकला तर परत पहिल्यापासून. बरं, कोरलेलं मेण वाजवून बघावं तर तेच खराब होणार, म्हणून बरोबरीने दुसरं कोरायचे, एक ऐकून बघायला आणि एक कारखान्यात पाठवायला.

आवाज कापता येत नाही, मग चित्रात बदल कसा आणायचा? एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे चालवायचे. एक लांबून सगळं स्टेज घेणार, दुसरा जवळचं घेणार, मग जुळवताना एकातून दुसऱ्यात जायचं. म्हणजे तुम्हाला जो जवळचा शॉट दिसला तो नंतर कधी वेगळा घेतलेला नाही, तो त्याच वाजवण्याचा आहे, त्याच सेकंदाचा. बोटं आणि आवाज जुळतात ते याच्यामुळे. आणि कॅमेरा हलत नाही कारण कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जायची, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना एका बंद खोक्यात कोंडायचे, पुढे काच, आत हवा नाही, वरून स्टुडिओतले दिवे. खोकं कुठे हलवणार? दिवे पण बदलावे लागले, कारण जुने आर्क दिवे गुणगुणायचे, त्यांच्या जागी बल्बचे दिवे आले, ते तापायला आणखी भारी.

टाळ्यांचं सोपं आहे. त्या फिल्म थिएटरातल्या प्रेक्षकांसाठी होत्या आणि टाळ्या तिथे पडणार हे धरून चाललेले. नट वाकतो तेवढी जागा मुद्दाम सोडलेली. ६ ऑगस्ट १९२६ ला न्यूयॉर्कला 'डॉन हुआन' या सिनेमाबरोबर व्हायटाफोनचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, त्यात न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, मार्टिनेल्ली, मिशा एलमन असे बडे बडे शास्त्रीयवाले होते आणि लोकांनी पडद्याला खरोखर टाळ्या दिल्या. तुम्ही एकटे मोबाइलवर बघताय म्हणून सन्नाटा वाटतोय.

निव्वळटाईमपास

माहितीपूर्ण प्रतिसाद वगैरे ठीक आहे पण खरं सांगू का, लिंकवर जाऊन दोन बघितल्या आणि तिसरीला डुलकी लागली. रांगेत उभे राहून वाजवतात आणि जातात. यापेक्षा १९३३ च्या बस्बी बर्कलेच्या फिल्म बघा, कॅमेरा छतावरून, खालून, मुलींच्या वर्तुळातून, काय काय करतो. हे म्हणजे शाळेचं गॅदरिंग कोणाच्या तरी बाबांनी शूट केल्यासारखं.

टुरिंगटॉकीज

@निव्वळटाईमपास, बर्कले भारीच, वादच नाही. पण त्याच्यात आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवलेला, शूटिंगच्या वेळी तो वाजवायचा आणि बायकांनी त्यावर नाचायचं. म्हणून कॅमेरा मोकळा. एमजीएमने १९२९ च्या 'ब्रॉडवे मेलडी'त एका गाण्याला ही युक्ती वापरली आणि मग सगळ्यांनी धरली. 'किंग ऑफ जॅझ', १९३० चा, पॉल व्हाइटमनच्या बँडचा, त्यात पण व्हाइटमनने हट्टाने संगीत आधी रेकॉर्ड करून घेतलं. फिल्म दिसायला अफाट आहे, दोन रंगांचं टेक्निकलर, तरुण बिंग क्रॉस्बी आहे, पण त्यात जो ट्रम्पेट फुंकताना दिसतो तो त्या क्षणी फुंकून आवाज काढत नाहीये, आवाज आधीचा आहे. १९२६ पासून तीनेक वर्षं व्हायटाफोनने बँडच्या ज्या शॉर्ट, म्हणजे छोट्या फिल्म काढल्या, त्यांच्यात तसं नाही. मला त्या आवडतात त्या एवढ्यासाठीच, हे खरोखर वाजलं आणि हे असं दिसलं, मधे कोणी हात घातलेला नाही.

खर्जातला

मी स्वतः सॅक्स वाजवतो (लग्नं, हॉटेलं, मिळेल ते), म्हणून जरा वाजवणाऱ्याच्या बाजूने.

गॅदरिंग म्हणालात ते डोक्यात गेलं राव. या बायका आणि बाप्ये शाळेतले नव्हते, व्हॉडव्हिलचे होते. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात आठेक ॲक्ट, कसरतवाले, जादूगार, विनोदी जोडी, गाणारी बाई, शिकवलेली कुत्री, आणि त्यात एक बँड. मोठ्या थिएटरात दिवसाला दोन खेळ, छोट्यात तीन, चार, पाच. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. तुमच्या आधी माणूस सायकलवर उलटा उभा राहून गेलाय आणि तुमच्यानंतर सील मासा येणार आहे, आणि तुम्ही खुर्चीत बसून नुसतं चांगलं वाजवणार? कोण बघणार? म्हणून बँडला दिसावं लागायचं. वाद्य बदलणं, टोप्या घालणं, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारणं हे सगळं त्यातून आलं. सॅक्सोफोन अमेरिकेत घराघरात नेला तो सिक्स ब्राउन ब्रदर्स म्हणून सहा भावांच्या ॲक्टने, जोकरचे कपडे घालून सहा सॅक्स. आमच्या वाद्याची सुरुवात अशी आहे, काय करणार.

होरेस हाइट आणि त्याच्या कॅलिफोर्नियन्सची १९२९ ची शॉर्ट बघा. बँड वाजवतो, गातो, कसरती करतो आणि वर एक कुत्रा पण आहे, लोबो नावाचा, तो पण ॲक्टमध्ये. हसू येतं पण नीट बघाल तर एकही हालचाल चुकून झालेली नाही. कोणी उठलं की त्याच्या शेजारचा आधीच सरकलेला असतो. हे तालमीतून येत नाही, गावोगाव रोज तेच करून करून येतं. टुरिंगटॉकीज म्हणाले की एका दमात शूट व्हायचं, बरोबर आहे, पण ते शक्य झालं कारण ही माणसं ॲक्ट झोपेतही करतील अशा अवस्थेत स्टुडिओत यायची. सिनेमाचे नट घेऊन हे जमलं नसतं, पहिल्या दोन वर्षांत तर नाहीच. बोलपटाला सुरुवातीला जो तयार माल लागला तो व्हॉडव्हिलने दिला, फुकटात नाही पण दिला.

रॉय स्मेकची 'हिज पास्टाइम्स' पण बघा, ती तर त्या १९२६ च्या पहिल्याच कार्यक्रमात होती, सगळ्या ऑपेरावाल्यांच्या मधे हा एकटा व्हॉडव्हिलचा गडी. स्टील गिटार, युकुलेली, बँजो, माउथऑर्गन, एकटा, एकामागून एक. चेहरा बघा त्याचा, कष्ट पडतायत असं कुठेच दिसू देत नाही. बोटांकडे बघा मग कळेल. मी त्याचा उजवा हात स्पीड कमी करून बघितलाय, तरी काय करतो ते पूर्ण कळलं नाही.

अस्मिता_नाशिक

वाचनखूण साठवली. एक प्रश्न, या इनजेन्यूजचं पुढे काय झालं? बायकांचा बँड म्हणून नुसता शोभेचा होता की खरंच चालायचा?

खर्जातला

चालायचा म्हणजे, झिगफेल्ड फॉलीज या न्यूयॉर्कच्या बड्या स्टेज शोमध्ये होत्या १९२७ ला, ऑस्ट्रेलियापर्यंत दौरे केलेत. शोभेचा धंदा होताच, पोस्टरवर रूप आधी आणि वाद्य नंतर, त्यात काही लपवाछपवी नव्हती. पण अकॉर्डियनपासून ट्रॉम्बोनपर्यंत हात फिरवणाऱ्या बायका गोळा करणं सोपं होतं का? आणि ही एकच टोळी नव्हती, हॅरी वेमन आणि त्याच्या डेब्युटांट्स, ग्रीनच्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फेडेट्स, यांच्या पण व्हायटाफोन शॉर्ट आहेत. गंमत बघा, बँड बायकांचा आणि पाटीवर नाव कुठल्या तरी बाप्याचं.

इनजेन्यूजचा एक फोटो आहे १९३० चा, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गोठ्यात उभ्या राहून गाईंना बँड ऐकवतायत. संगीत ऐकून दूध जास्त येतं का ते बघायचं होतं म्हणे. वाद्यं घेऊन सगळ्या नटूनथटून उभ्या आणि गाई आपल्या दावणीला. शोधा, मिळेल.

बोरिवलीलोकल (धागाकर्ता)

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. गाईंचा फोटो मिळाला, दिवस सार्थकी लागला :)

पण आता दुसरी शंका. तबकडी वेगळी आणि फिल्म वेगळी, आणि तबकडी २० खेळांनंतर फेकायची, मग आज आपल्याला दोन्ही एकत्र कसं काय बघायला मिळतंय? जपून कोणी ठेवलं?

डबलरील

कोणीच ठेवलं नाही, हेच तर आहे. १९३० नंतर आवाज फिल्मवरच छापायला लागले, तबकडीचा खटाटोप बंद झाला. मग काय, स्टुडिओच्या गोदामात आवाज नसलेली रीळं, आणि तबकड्या कोणाकोणाच्या माळ्यावर, तळघरात, जुन्या थिएटरच्या अडगळीत. कितीतरी फिल्मचं नुसतं चित्र उरलं, कितीतरींचा नुसता आवाज. 'गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे' हा १९२९ चा तुफान चाललेला रंगीत सिनेमा, त्याचा आवाज पूर्ण आहे आणि चित्र फक्त शेवटचा थोडा भाग.

मग १९९१ साली रॉन हचिन्सन आणि त्याचे काही रेकॉर्ड जमवणारे मित्र यांनी व्हायटाफोन प्रोजेक्ट सुरू केलं. धंदा नाही, हौस. जगभरच्या रेकॉर्डवाल्यांना विचारायचं, बाबांनो तुमच्याकडे १६ इंची विचित्र तबकड्या आहेत का, असतील तर नंबर सांगा. मग तो नंबर आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस, यूसीएलए यांच्याकडे असलेली मुकी रीळं जुळवून बघायची. जुळलं की पैसे उभे करायचे आणि नीट करून घ्यायचं. अशा कितीतरी ॲक्ट परत बोलत्या झाल्या. हचिन्सन २०१९ मध्ये गेला. या विषयात जे काही आपण बघतो त्यात त्या माणसाचा मोठा वाटा आहे.

सगळ्यात भन्नाट केस अल जोल्सनच्या 'अ प्लँटेशन ॲक्ट'ची. ऑक्टोबर १९२६, म्हणजे पहिला बोलपट म्हणून गाजलेल्या 'जॅझ सिंगर'च्या वर्षभर आधी. जोल्सन तेव्हाचा सगळ्यात मोठा स्टेज स्टार आणि ही फिल्म गेलीच असं सगळे धरून बसलेले. मग लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एक रीळ निघालं, डब्यावर लेबल भलतंच, 'जॅझ सिंगर'चा ट्रेलर समजून ठेवलेलं. चित्र मिळालं, आवाज नाही. तबकडी मिळाली ती फुटकी, तुकडे झालेले आणि कोणीतरी कधीकाळी कसेतरी डिंकाने चिकटवलेले. ते चिकटवलेलं परत सोडवून, तुकडे नीट बसवून, त्यावरून आवाज काढला आणि चित्राला जोडला. आज बघताना तुम्हाला कळत पण नाही. फुटकी तबकडी फेकून न देणाऱ्या त्या अनोळखी माणसाला माझ्याकडून एक कटिंग.

(जोल्सन त्यात तोंडाला काळं फासून आहे, हे आधीच सांगून ठेवतो, बघवत नसेल तर नका बघू.)

अस्मिता_नाशिक

हो ते काळं फासणं मी 'जॅझ सिंगर'मध्ये बघितलं होतं, नको वाटतं. पण मग खरे काळे कलाकार कुठे होते या सगळ्यात? जॅझ तर त्यांचं ना? वरच्या यादीत एक पण नाव नाही.

डबलरील

प्रश्न एकदम वर्मावर. व्हायटाफोनच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या बँड शॉर्टमध्ये जवळपास सगळे गोरे बँड. व्हॉडव्हिलचं पण तसंच होतं, काळ्या कलाकारांची वेगळी थिएटरं, टोबा नावाची वेगळी साखळी, पगार कमी, प्रवासाचे हाल जास्त. मोठ्या गोऱ्या साखळीत जागा मिळाली तरी एका कार्यक्रमात एखादीच काळी ॲक्ट.

पण एक फिल्म या सगळ्याच्या आधीची आहे. ली डी फॉरेस्ट नावाच्या माणसाने फोनोफिल्म काढली होती, आवाज फिल्मच्या पट्टीवरच, तबकडीची भानगड नाही. १५ एप्रिल १९२३ ला न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्याने १८ छोट्या फिल्म दाखवल्या. त्याच वर्षी त्याने नोबल सिसल आणि यूबी ब्लेक यांना पण शूट केलं, सिसल गातोय, ब्लेक पियानोवर. दोघं ब्रॉडवे गाजवून आलेले. व्हायटाफोनच्या तीन वर्षं आधी, तोंडाला काहीही न फासता, सुटाबुटात. आवाज जरा डब्यातून आल्यासारखा आहे पण ब्लेकचा डावा हात ऐका. फोनोफिल्मला पैसा आणि मोठ्या थिएटरांची साथ मिळाली नाही म्हणून ती मागे पडली, नाहीतर इतिहास 'जॅझ सिंगर'पासून सुरू करायची सवय आपल्याला लागली नसती.

१९२९ ला मग ड्यूक एलिंग्टनची 'ब्लॅक अँड टॅन' आणि बेसी स्मिथची 'सेंट लुइस ब्लूज' आल्या, दोन्ही डडली मर्फीच्या. बेसी स्मिथची पडद्यावरची ही एकमेव फिल्म. पण या गोष्टीवेल्हाळ आहेत, स्टेजची ॲक्ट जशीच्या तशी नाही. व्हायटाफोनने काळे बँड घेतले ते १९३२ च्या पुढे, 'पाय पाय ब्लॅकबर्ड' बघा, यूबी ब्लेकचा बँड आणि छोटे निकोलस ब्रदर्स. त्या पोरांचा नाच बघून निव्वळटाईमपास यांची पण झोप उडेल.

मांडवीकर

थोडं अवांतर, पण आपल्याकडचा धागा आहे म्हणून.

तो आवाजाचा आणि गोंगाटाचा भाग वाचून 'आलम आरा' आठवला. वॉर्नरवाले सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन ऑपेरा हाऊसमध्ये शूट करायचे आणि तिथे बाहेर सबवेचं काम चाललेलं, त्याचे धक्के मायक्रोफोनमध्ये. शेवटी गाशा गुंडाळून दुसरीकडे गेले. इकडे मुंबईत अर्देशीर इराणींच्या स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून 'आलम आरा' रात्री शूट केला, गाड्या बंद झाल्यावर. दोन्हीकडे वाजवणं थेट. फरक एवढाच की तिकडे बँडच हीरो, सगळे कॅमेऱ्यासमोर, आणि आपल्याकडे पेटी-तबलावाले लपवून बसवलेले, नट फिरणार आणि वादक फ्रेमच्या बाहेर जीव मुठीत धरून. आणि 'आलम आरा'चं आज काहीच नाही, ना चित्र ना आवाज, फोटो तेवढे आहेत. त्यापुढे फुटकी का होईना तबकडी मिळाली हे नशीब.

आमच्या गोव्याच्या वादकांचं पण हेच. मुंबईच्या हॉटेलांत स्विंग वाजवणारे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला निम्मा ऑर्केस्ट्रा त्यांचा, आणि पडद्यावर दिसणार कोणी नाही. म्हणून 'अलबेला' (१९५१) मला वेगळा वाटतो, सी. रामचंद्रांनी आणि भगवानदादांनी चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला आणि त्याच्या माणसांना चक्क पडद्यावर आणलं. तो प्लेबॅक आहे, टुरिंगटॉकीज यांच्या कसोटीला उतरणार नाही, पण अंगात काय आहे ते दिसतं. आमच्या घरात 'अलबेला' लागला की भगवानदादांकडे कोणी बघत नसे, सगळे बँडमधला कोण कुणाचा कोण ते ओळखत बसायचे.

टुरिंगटॉकीज

@मांडवीकर, अलबेलाला सूट आहे हो, सगळ्या कसोट्या माफ.

जुनाकोळी

एक गोष्ट कोणी बोललं नाही. या फिल्मनीच त्या लोकांना खाल्लं.

व्हॉडव्हिलवाल्याची दहा मिनिटांची ॲक्ट म्हणजे त्याची शेती. एका गावात वर्षातून एकदा जाणार, पुढच्या वर्षी तीच ॲक्ट, लोक परत हसणार. वर्षानुवर्षं तेच चालायचं आणि पोट भरायचं. स्टुडिओने बोलावलं, एकरकमी चांगले पैसे दिले, दोन दिवसांत काम संपलं. आणि मग तीच ॲक्ट एका महिन्यात देशभर पडद्यावर, गावातल्या थिएटरमालकाला खऱ्या बँडचा पगार, गाडीभाडं, नखरे काही नाही, डब्यात रीळ आणि खोक्यात तबकडी. पुढच्या वर्षी तोच बँड खरा खरा आला तर लोक म्हणणार हे तर बघितलंय की.

न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर म्हणजे व्हॉडव्हिलवाल्यांची पंढरी, १९१३ ला सुरू झालेलं, तिथे नाव लागलं की जन्म सार्थक. १९३२ ला तिथे पण सिनेमा आला. मंदी होती, रेडिओ होता, सगळं एकट्या बोलपटावर ढकलता येणार नाही, पण घाव मोठा होता.

आणि स्टेजवरच्या बँडपेक्षा जास्त मेले ते खाली खड्ड्यात बसून मूकपटांना वाजवणारे. हजारो माणसं होती अमेरिकेत, काही वर्षांत रस्त्यावर. त्यांच्या युनियनने १९३० च्या सुमारास वर्तमानपत्रांत मोठ्या मोठ्या जाहिराती दिल्या, त्यात यंत्रमानव काढलेला, लोकांना सांगायचे की डबाबंद संगीत घेऊ नका, जिवंत वादक मागा. लोकांनी जाहिरात वाचली असेल आणि तिकीट काढून बोलपटाला गेले असतील. आज कॉम्प्युटर गाणी बनवतो म्हणून आपल्या वादकांच्यात जी बोलणी चालतात ती ऐकली की त्या जाहिराती काढून दाखवाव्याशा वाटतात, शब्द न शब्द तोच.

खर्जातला

@जुनाकोळी, पटलं, फार पटलं. फक्त एक. त्यातलेच काही पोरगेलेसे वादक पुढे राजे झाले. बेन पोलॅकच्या बँडची १९२९ ची शॉर्ट आहे, त्यात मागे क्लॅरिनेट घेऊन बसलेला २० वर्षांचा बेनी गुडमन, आणि ट्रॉम्बोनवर जॅक टीगार्डन. कोणाचं तिकडे लक्ष पण नाही. रेड निकोल्सच्या त्याच वर्षीच्या शॉर्टमध्ये एडी कॉन्डन गातोय आणि पी वी रसेल आहे. रेकॉर्डवर ही माणसं आपण आयुष्यभर ऐकतो, पण हा माणूस खुर्चीत कसा बसायचा, दुसरा वाजवत असताना काय करायचा, पायाने ताल कुठे धरायचा, हे तबकडीवर थोडीच कळतं? मला तरी त्या शॉर्टचा उपयोग तोच. सोलो संपल्यावर माणूस वाद्य खाली कसं आणतो ते बघा, त्यावरून तो कुठल्या उस्तादाच्या हाताखालून आला ते ओळखता येतं कधीकधी.

निव्वळटाईमपास

बरं बरं, हरलो. कुठून सुरू करू ते सांगा, पण कुत्र्यावाली आधी.

डबलरील

कुत्र्यावाली (होरेस हाइट), मग इनजेन्यूज, मग रॉय स्मेक, मग बेन पोलॅक. सिसल-ब्लेक वेगळी बघा, हेडफोन लावून. यूट्यूबवर बऱ्याचशा आहेत पण कॉपीची कॉपी असते, त्यात आवाज पुढे-मागे झालेला असतो आणि मग लोक म्हणतात जुन्या काळी जुळतच नव्हतं. 'जॅझ सिंगर'चा २००७ चा तीन डिस्कचा सेट कुठे मिळाला तर उचला, त्यात एक डिस्क नुसती या शॉर्टची आहे, आणि वॉर्नरने नंतर व्हायटाफोनचे वेगळे डीव्हीडी सेट पण काढलेत.

बोरिवलीलोकल (धागाकर्ता)

सेट ओळखीच्या एकाकडे आहे, मागतो. तोपर्यंत स्मेकचा उजवा हात. खर्जातला, स्पीड किती ठेवला होतात तुम्ही?

खर्जातला

निम्मा. त्याच्या खाली गेलात तर आवाज इतका घोगरा होतो की घरचे विचारतात काय लावलंय.